झोपाळू पहारेकरी

मुलांनो, घरातला मोबाइल फोन जवळजवळ रोज चार्जिंगला लावावा लागतो, हे तुम्ही पाहता. एखाद्या रात्री विसरले, तर दुसऱ्या दिवशी दुपारीच तो मान टाकतो. मग घरात कोणी ना कोणी चार्जर शोधत फिरते. आता अशी कल्पना करा, की हा फोन एका लोखंडी पेटीच्या दारावर पक्का बसवला आहे. पेटी जहाजावर चढली आहे, जहाज भर समुद्रात आहे, आणि पुढची पाच वर्षे त्या फोनला चार्जर लावायला कोणीही येणार नाही. तरीही आपली पेटी कोठे आहे, हे त्याने मालकाला कळवत राहिले पाहिजे. हे कसे साधते, ते या पाठात पाहू.

ही पेटी म्हणजे कंटेनर. भिवंडीच्या गोदामांपुढे लांबलचक ट्रेलरवर लादलेले रंगीत कंटेनर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. कोणी वीस फूट लांब, कोणी चाळीस. अमेरिकेतील माल्कम मॅकलीन या वाहतूक व्यावसायिकाने २६ एप्रिल १९५६ रोजी अशा ५८ पेट्या एका जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले, तेही मुख्यतः या पेट्यांसाठीच ओळखले जाते. (येथे 'बंदर' म्हणजे माकड नव्हे बरे का! उर्दूत ज्याला 'बंदरगाह' म्हणतात, त्याला मराठीत नुसते 'बंदर' म्हणतात.)

कंटेनरमध्ये जे भरलेले असते, ते कोणाची तरी कमाई असते. समजा, एका यंत्रमाग कारखानदाराने कर्ज काढून सूत घेतले, चार महिने माग चालवून कापड विणले आणि गाठी बांधून कंटेनर परदेशी रवाना केला. माल पोचल्यावरच त्याला पैसे मिळणार. तोवर कामगारांची मजुरी आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. माल वाटेत कोठे अडकला, हे वेळेवर कळले तर तो बँकेशी आणि गिऱ्हाइकाशी बोलू शकतो. कळलेच नाही, तर नुसते वाट पाहत बसणे. म्हणून पेटीचा पत्ता सांगणारे यंत्र बसवतात. पण यंत्र चालायला वीज हवी, आणि साध्या कंटेनरला विजेची तार कोठेच नसते. फळे, मासे, औषधे नेणाऱ्या थंड कंटेनरांना जहाजावर आणि बंदरात वीज मिळते. कापडाच्या पेटीला मात्र लोखंडाच्या चार भिंती आणि दोन दारे, बस्स. यंत्राने आपली शिदोरी आपल्याबरोबरच न्यायची. ही शिदोरी म्हणजे बॅटरी.

ही शिदोरी कोण खाते? यंत्राच्या आत तीन जण आहेत असे समजा.

पहिला आहे कान. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो, की मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता अमुक वेळ आहे. निदान चार उपग्रहांचे बोलणे ऐकले, की यंत्राला आपली जागा काढता येते. पण इतक्या दुरून येणारा तो आवाज अतिशय क्षीण असतो, आणि उपग्रह सावकाश बोलतो. त्याची आवश्यक माहिती पूर्ण ऐकायला जवळजवळ अर्धा मिनिट लागतो. तेवढा वेळ कान टवकारून बसावे लागते आणि त्याला वीज लागते.

दुसरे आहे तोंड, म्हणजे मोबाइलच्या मनोऱ्याशी बोलणारा भाग. सर्वांत खादाड हाच. मनोरा काही किलोमीटर लांब असला, तर त्याला अक्षरशः ओरडावे लागते. जुन्या जीएसएम पद्धतीत ओरडण्याच्या क्षणी तो दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. हा क्षण एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो, पण तो पुन्हा पुन्हा येतो.

तिसरे आहे घड्याळ. इतर दोघे झोपले, तरी हे जागे असते आणि ठरलेल्या वेळी त्यांना उठवते. याचा खर्च इतका थोडा, की तो मोजायला अँपिअरचा दशलक्षावा भाग, म्हणजे मायक्रोअँपिअर, हे माप लागते.

आता वही-पेन्सिल घ्या. मराठीत 'हिशेब' आणि उर्दूत 'हिसाब', शब्द एकच आहे. आपण तो करून पाहू. पाण्याची टाकी जशी लिटरमध्ये मोजतात, तशी बॅटरी मिलिअँपिअर-तासांत मोजतात. एक मिलिअँपिअरचा प्रवाह एक तास चालला, तर एक मिलिअँपिअर-तास खर्च झाला. समजा, आपल्या यंत्रात पेन्सिल-सेलच्या आकाराचे दोन लिथियम घट आहेत. थंडी, वय आणि झीज यांसाठी काही भाग सोडून देऊ, आणि ३,६०० मिलिअँपिअर-तास आपल्या हाती आहेत असे धरू.

यंत्र एकदा उठले, की कान ३० सेकंद ३० मिलिअँपिअर घेतो. ३० गुणिले ३०, म्हणजे ९००. मग तोंड २७ सेकंद सरासरी १०० मिलिअँपिअर घेते, म्हणजे २,७००. बेरीज ३,६००. ही सेकंदांतली संख्या. तासाचे ३,६०० सेकंद असतात, तेव्हा एका वेळच्या निरोपाचा खर्च बरोबर १ मिलिअँपिअर-तास. (गणित सोपे जावे म्हणून मी आकडे जुळवून घेतले आहेत, पण ते खऱ्या यंत्रांपासून फार लांब नाहीत.) झोपेत २० मायक्रोअँपिअर जातात, असे धरले तर दिवसभराच्या झोपेचा खर्च अर्धा मिलिअँपिअर-तास.

यंत्राने दिवसातून एकदा पत्ता कळवला, तर रोजचा खर्च दीड. ३,६०० ला दीडने भागा. उत्तर येते २,४०० दिवस, म्हणजे साडेसहा वर्षे! दर तासाला कळवले, तर रोजचा खर्च साडेचोवीस, आणि बॅटरी १४७ दिवस पुरते. दर दहा मिनिटांनी कळवले, तर रोजचा खर्च १४४.५, आणि बॅटरी संपते २५ दिवसांत. बॅटरी तीच, यंत्र तेच. एक साडेसहा वर्षे जगले, दुसऱ्याने महिनाही काढला नाही. फरक पडला तो फक्त किती वेळा उठवले यामुळे. म्हणून 'दहा वर्षे चालणारी बॅटरी' अशी जाहिरात दिसली, तर शहाण्या गिऱ्हाइकाने लगेच विचारावे, "दिवसातून किती निरोप पाठवून?" याचे उत्तर मिळेपर्यंत त्या दहा वर्षांना काही अर्थ नाही.

हा हिशेब एका खऱ्या प्रवासाला लावून पाहू. २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' नावाचे ४०० मीटर लांबीचे जहाज इजिप्तमधील सुएझ कालव्यात आडवे होऊन रुतले. जोराचा वारा सुटला होता. जहाजावर सुमारे १८,३०० कंटेनर होते आणि ते नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराकडे निघाले होते. जहाजावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते, हे तुम्हांला कदाचित ठाऊक नसेल. सहा दिवस सगळा कालवा बंद पडला. २९ मार्चला जहाज सुटले, पण गोष्ट तेथे संपली नाही. नुकसानभरपाईचा वाद झाला आणि कालव्याच्या अधिकाऱ्यांनी जहाज वाटेतल्या ग्रेट बिटर सरोवरात अडकवून ठेवले. ते ७ जुलैला मोकळे झाले. रॉटरडॅमला पोचायला २९ जुलै उजाडला. मार्चअखेर मिळायचा माल जुलैअखेर मिळाला.

समजा, आपले यंत्र १ मार्चला त्यातल्या एका पेटीवर बसवले असते. (समुद्रातूनही निरोप जातो असे तूर्त धरू, खरे काय होते ते पुढे सांगतो.) दर दहा मिनिटांनी बोलणारे यंत्र २६ मार्चला मुके झाले असते, म्हणजे जहाज अजून कालव्यात रुतलेले असतानाच. मालकाला ज्या दिवसांत सर्वांत जास्त चिंता, नेमक्या त्याच दिवसांत यंत्र गप्प! दर तासाला बोलणारे यंत्र २६ जुलैपर्यंत टिकले असते. म्हणजे पाच महिने इमानाने काम करून बंदर तीन दिवसांवर असताना ते थांबले असते. दिवसातून एकदा बोलणारे मात्र सहज पोचले असते.

तर मग प्रत्येक यंत्राला दिवसातून एकदाच बोलायला का लावत नाहीत? कारण पेटी ट्रकवर असते, तेव्हा चोवीस तासांत ती कोठल्या कोठे जाते. चोरी झाली, ट्रक भलत्याच रस्त्याला लागला, तर उद्या सकाळी कळून काय उपयोग? येथे एक साधी युक्ती कामाला येते. यंत्रात हालचाल ओळखणारा एक इवलासा भाग बसवतात. तुमच्या फोनमध्येही तो असतो. फोन आडवा केला की पडद्यावरचे चित्र आडवे होते, ते त्याच्यामुळेच. तो मायक्रोअँपिअरवर भागवतो. पेटी हलू लागली की तो सांगतो, "उठा." पेटी थांबली की सांगतो, "निजा." थांबलेल्या पेटीने दर तासाला "मी येथेच आहे, मी येथेच आहे" असे सांगण्यात काय हशील?

एव्हर गिव्हनला हाच नियम लावा. चालताना दर तासाला आणि थांबल्यावर दिवसातून एकदा. १ ते २३ मार्च हे २२ दिवस चालण्याचे, खर्च ५३९. पुढचे १०६ दिवस अडकून पडण्याचे, खर्च १५९. शेवटचे २२ दिवस पुन्हा चालण्याचे, खर्च ५३९. एकूण १,२३७. मधली थोडी हालचाल आपण सोडून दिली आहे. तरी पाहा, जे यंत्र तीन दिवस कमी पडत होते, ते आता शिदोरीचा दोन-तृतीयांश भाग शिल्लक ठेवून पोचते. मोठी बॅटरी बसवण्यापेक्षा हा उपाय मला तरी जास्त हुशारीचा वाटतो.

आता समुद्राची खरी गोष्ट. किनारा सुटला की मोबाइलचे मनोरे संपतात. शिवाय जहाजावर पेट्या एकावर एक रचलेल्या असतात. खालच्या पेटीवर चारी बाजूंनी लोखंड; उपग्रहाचा क्षीण आवाज तेथवर पोचतच नाही. अशा वेळी अडाणी यंत्र काय करते? ते शोधत राहते. तुम्ही घाटातून किंवा कोकण रेल्वेच्या बोगद्यांमधून प्रवास केला असेल, तर आठवा. कोणी फोन केला नाही, कोणी बोलले नाही, तरी गाव येईपर्यंत फोनची बॅटरी बरीच उतरलेली असते. मनोरा सापडत नाही म्हणून फोन पुन्हा पुन्हा हाका मारत असतो. पेटीवरच्या यंत्राचा घात बहुधा असाच होतो. काम करून नव्हे, न सापडणारी गोष्ट शोधून त्याची बॅटरी रिकामी होते. म्हणून चांगल्या यंत्राला हार मानायला शिकवलेले असते. एखादा मिनिट ऐकायचे, काही ऐकू आले नाही तर झोपायचे. पुढच्या वेळी आणखी उशिरा उठायचे. जे पत्ते मिळाले ते लिहून ठेवायचे आणि किनारा लागला की सगळे एकदम पाठवायचे.

पण कोणती बॅटरी घ्यावी? विजेरीतला नेहमीचा अल्कलाइन घट स्वस्त असतो, पण कडाक्याच्या थंडीत तो मलूल होतो. फोनमधील लिथियम-आयन बॅटरी पुन्हा भरता येते. ती बाजारात प्रथम १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने आणली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु नुसती पडून राहिली तरी ती हळूहळू उतरते. आणि गोठणबिंदूखाली तिला चार्ज केले, तर आत लिथियम धातूचा थर साचून ती कायमची बिघडते.

जेथे चार्जर कधीच येणार नाही, तेथे बहुधा लिथियम थायोनिल क्लोराइड या जातीचा घट वापरतात. तो एकदाच वापरायचा असतो. पण पडून राहिल्याने त्याची वीज वर्षाला सुमारे एक टक्काच कमी होते, आणि शून्याखाली ५५ अंशांपासून वर ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तो चालतो. उन्हात तापलेले जहाजाचे छत काय आणि बर्फातली आगगाडी काय, त्याला दोन्ही सारखेच.

हा घट इतका टिकतो कसा? दूध तापवून ठेवले की वर साय धरते, तशीच या घटातील लिथियमवर आपोआप एक पातळ साय धरते. ती आतले रसायन उगाच खर्च होऊ देत नाही. पण हेच त्याचे वैगुण्यही आहे. महिनाभर झोपलेल्या यंत्राने एकदम मोठा प्रवाह मागितला, तर साय आडवी येते. विजेचा दाब घसरतो आणि यंत्र अर्ध्यातच बंद पडू शकते. घटात वीज भरपूर आहे, पण देण्याचा वेग कमी आहे. यावरचा उपाय आपल्या आयांना पाठ आहे. नळाला पाणी बारीक येते, म्हणून आपण नळाखाली अंघोळ करत नाही; आधी बादली भरून घेतो आणि मग भडाभडा ओततो. घटाशेजारी वीज साठवणारा एक छोटा भाग बसवतात. घट त्याला सावकाश भरतो आणि ओरडण्याच्या क्षणी तो एकदम वीज देतो.

या घटाची आणखी एक खोड आहे. स्वयंपाकाचा गॅस संपत आला, हे ज्योतीकडे पाहून कळते का? शेवटपर्यंत ती तशीच निळी जळते आणि अचानक विझते, तीही नेमकी पाहुणे आल्यावर. या घटाचा दाबही जवळजवळ शेवटपर्यंत ३.६ व्होल्टवर स्थिर राहतो. त्यामुळे दाब मोजून किती उरले ते कळत नाही. यंत्राला स्वतःच खर्चाची वही ठेवावी लागते. किती वेळा उठलो, किती वेळ बोललो, हे मांडत जायचे आणि शिदोरी संपत आली, की आधीच सूचना द्यायची.

बॅटरीवाचून भागवण्याचे मार्गही आहेत. मोटारीच्या काचेवरचा फास्टॅग पाहा. फेब्रुवारी २०२१ पासून टोल नाक्यावर तो सक्तीचा झाला. त्यात बॅटरीच नसते. नाक्यावरचे यंत्र रेडिओ लहरी सोडते आणि त्या लहरींमधूनच त्याला उत्तर देण्यापुरती वीज मिळते. मात्र नाका आला तरच तो बोलतो. दोन नाक्यांच्या मध्ये तो कोठे आहे, हे कोणालाच कळत नाही. ॲपल कंपनीची 'एअरटॅग' ही चकती २०२१ साली आली. ती नाण्याएवढ्या एका चपट्या घटावर वर्षभर चालते, कारण ती ओरडत नाही, कुजबुजते. जवळून जाणारा एखादा आयफोन ती कुजबुज ऐकतो आणि निरोप पुढे नेतो. गर्दीच्या स्टेशनावर हे छान चालते. भर समुद्रात जवळून जाणार कोण?

तिसरा मार्ग सूर्याचा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ साली मुंबई परिसरातील सहा रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, सूर्यप्रकाशावर भरली जाणारी अशी यंत्रे बसवली. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या नावावरून 'हुमायून' असे नाव दिलेला एक रोहित त्याच वर्षी उडत गुजरातेत भावनगरला पोचला, हे त्या यंत्रामुळेच कळले. कंटेनरवरही सौरपट्टी लावतात. जर्मनीच्या हापाग-लॉइड कंपनीने आपल्या सर्व साध्या कंटेनरांवर पत्ता सांगणारी यंत्रे बसवण्याची घोषणा २०२२ साली केली. इतक्या पेट्यांची बॅटरी वरचेवर बदलणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही, हे तुम्ही ओळखलेच असेल. पण रोहित पक्ष्यावर दिवसभर ऊन असते. थप्पीच्या तळाशी दबलेल्या कंटेनरला ते आठवडेच्या आठवडे दिसत नाही. तेवढ्या अंधारातही पुरेल अशी बॅटरी सौरपट्टीमागे ठेवावीच लागते.

लिथियमच्या बॅटरीचा एक धाक मात्र आहे. ती ठेचली, भोसकली किंवा आतून बिघडली तर पेट घेते. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. विमानाने जाणाऱ्या पेट्यांवरील यंत्रांनी उड्डाण ओळखून आपले तोंड स्वतःच बंद ठेवायचे असते.

आणि शिदोरी संपल्यावर? कंटेनरच्या आगारात कारागीर चार स्क्रू काढतो, जुने यंत्र खाली घेतो आणि नवे बसवतो. जुना घट कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये भारत सरकारने बॅटरीच्या कचऱ्याचे नवे नियम केले. बॅटऱ्या बनवणाऱ्यांनी आणि बाहेरून आणणाऱ्यांनीच वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा केल्या पाहिजेत, असे ते नियम सांगतात. असा घट तुम्हांला कोठे सापडला, तर कुतूहल म्हणूनही तो फोडू नका. थायोनिल क्लोराइडला पाण्याचा किंवा दमट हवेचा स्पर्श झाला, की डोळे आणि छाती जाळणारा वायू बाहेर पडतो. त्या घटावर, चाके असलेल्या कचरापेटीवर काट मारलेले एक लहानसे चित्र बहुधा छापलेले असते, ते एवढ्यासाठीच.